उतरून राहिले होते

"बस वं माय आधी. मग सांग." असं म्हणत बाई पायानंच खुर्ची पुढे सरकवायच्या, हात कायम फायलींत गुंतलेले. समोर पुरुष असला तर, "बस गा बापू."

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपुरातल्या आमच्या सरकारी विमा कार्यालयात मोटार अपघातांचे दावे बाईंकडे होते. काटोलकडच्या शेतकरी घरातल्या त्या. तुमच्याही कचेरीत असं एक टेबल असेल, जिथं गर्दी असते आणि आजूबाजूची टेबलं रिकामी. मी अशाच एका रिकाम्या टेबलावर टायपिंग करायचो.

एकदा मुंबईहून ठरलं, की दाव्यांचं काम खासगी एजन्सीला द्यायचं. प्रयोग म्हणून कळमेश्वर भागाच्या फायली दिल्या. एजन्सी झपाट्यानं निकाल लावू लागली, बहुतेक नकाराचे. आमची तोंडं उतरली. बाई एवढंच म्हणाल्या, "चांगलं करत असतील तं करू द्या. पण फायली मले एकदा पाहू द्या."

शेवटचा निर्णय घ्यायला मुंबईचे साहेब आले. त्याच सकाळी कळमेश्वरच्या कारखान्यातली एक कामगार बाई कुबडी टेकत जिना चढून आली. खासगी बसखाली तिचा पाय चिरडला होता आणि दावा नामंजूर झाला होता.

बाईंनी तिला बसवलं, साहेबांनाही बसवलं, चहा मागवला आणि पोलिसांपुढचा तिचा जबाब वाचला : "मी उतरून राहिले होते, तं गाडी निघाली." एजन्सीनं त्याचं इंग्रजी केलं होतं : उतरल्यावर ती रस्त्यातच थांबून राहिली होती, चूक तिचीच.

"मग बरोबरच आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, तुम्ही आत्ता चहा पिऊन राहिले," बाई शांतपणे म्हणाल्या. "संपला का?"

साहेबांनी कपात पाहिलं. अर्धा होता.

"म्हणजे ही उतरत होती?"

"एक पाय पायरीवरच होता जी," ती कामगार बाई म्हणाली.

साहेबांनी परतीचं तिकीट रद्द केलं. दोन दिवस बाईंशेजारी बसून त्यांनी सगळ्या फायली वाचल्या. दोन-तीन ठिकाणी एजन्सीच बरोबर होती. तेही बाईंनीच दाखवलं. बाकीचे दावे पुन्हा उघडले. महिन्याभरानं पत्र आलं : कळमेश्वरचा तो दावा मंजूर, आणि अपघातांचं काम आमच्याकडेच राहणार.

बाई आता नाहीत. मला दिसते ती, पत्र आलं त्या दुपारची मिरवणूक. सगळी कचेरी चहाला निघालेली, बाई सगळ्यांच्या पुढे. भर रस्त्यात त्यांनी एक हात वर केला. मालानं भरलेला ट्रक करकचून थांबला. बाईंनी ड्रायव्हरकडे पाहून मान हलवली आणि आम्ही सगळे हसत त्यांच्यामागून रस्ता ओलांडला.