पेट्रोल पिणारा डोंगा

वैनगंगेच्या मधोमध सेवकरामच्या डोंग्याची मोटर दोनदा खोकली आणि बंद पडली. डोंग्यात रोवणीला, धानाची रोपं लावायला निघालेल्या बाया होत्या, खाली आषाढाचं गढूळ पाणी होतं आणि वरून झिमझिम सुरू होती. सेवकरामने टाकी उचलून हलवली. आत काहीच नव्हतं. सकाळीच तर भरली होती, एवढं त्याच्या मनात आलं आणि तो टाकी मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला.

डोंगा आडवा झाला आणि धारेबरोबर खाली जाऊ लागला. बाया ओरडायला लागल्या. एकीने नदीला हात जोडले. बायांची मुकादम होती नंदाबाई, गावच्या नात्याने सेवकरामची वहिनी. तिने बुडाशी पडलेली वल्ही ओढली, एक स्वतः धरलं, दुसरं शेजारणीच्या हातात कोंबलं आणि शिव्या देत देत डोंगा कसाबसा काठाच्या झुडपात घुसवला.

सगळ्या उतरल्यावर ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"सेवकराम, तुले मरायचं असन तं एकटा मर ना गा. आमाले कायले घेऊन जातं?"

"पेट्रोल संपलं, वहिनी."

"ते आमाले बी दिसलं. काऊन संपलं?"

सेवकराम डोंगा झुडपाला बांधू लागला. त्याला राग आला नाही, लाजही वाटली नाही. घरी परतताना त्याच्या ध्यानात आलं, की मघाशी आपल्याला भीती वाटायला हवी होती.

सेवकरामचं गाव तिरोडा तालुक्यातलं, नदीच्या अगदी काठावरचं. त्याची धानाची जमीन मात्र पलीकडच्या तीरावर. पूर्वी उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत जाता यायचं. खाली बंधारा झाला आणि नदीत बारमाही पाणी तुंबलं. पुलावरून जायचं तर अर्धा दिवस त्यातच जायचा. तेव्हा एका तलावावरचा मासेमारीचा ठेका सोडून चाललेल्या माणसाकडून सेवकरामने जुना फायबरचा डोंगा आणि मागे लावायची पेट्रोलची मोटर घेतली. आधी स्वतःपुरतीच घेतली, मग पलीकडे शेती असलेले सगळेच बसू लागले.

मोटर त्याचा जीव की प्राण. तिचा आवाज ऐकून तो तिची तब्येत सांगे. संध्याकाळी चोरीच्या भीतीने ती डोंग्यावरून सोडवायची, खांद्यावर टाकायची आणि घरी न्यायची, हा त्याचा नेम. त्याची बायको देवकाबाई मागून रिकामी टाकी आणि वल्ही घेऊन येई. ती नेहमीच उशिरा येई. तो दारातूनच ओरडे, "एवढा वेळ कायले लागते तुले?" ती म्हणे, "पाय धुवून राहिली होती." बोलणं तिथेच संपे.

चैत्रात मोहफुलं वेचायला गेलेली देवकाबाई झाडाखाली टेकली, ती उठलीच नाही. सेवकराम तेव्हा नदीवर होता. कोणीतरी काठावरून हाका मारल्या. तो आला, डोंगा बांधला, मोटर सोडवली, खांद्यावर घेतली आणि मग तिच्याकडे गेला. मोटर कायले आणली, असं तिथे कोणी विचारलं नाही. तेरवीला त्याने स्वतः पंगतीत पाणी वाढलं. गोंदियाच्या राइस मिलमध्ये कामाला असलेला त्याचा मुलगा हेमेंद्र ओक्साबोक्शी रडला, सून डिंपल रडली, नंदाबाई रडली. सेवकराम रडला नाही. लोक म्हणाले, पुरुषमाणूस आहे, आतल्या आत सोसतो. पण आत काय आहे ते त्याने पाहिलं होतं. आत काहीच नव्हतं. घर आवरावं, जेवावं, डोंगा सोडावा, असं सगळं हातापायांनी होत होतं. जेवणाची चव कळत नव्हती.

पेट्रोल जास्त लागतंय हे त्याला उन्हाळी धानाच्या कापणीपासूनच जाणवायला हवं होतं. जाणवलंही असेल. तो टाकी भरत राहिला. पण नंदाबाईने त्या दिवशी काठावर सगळ्यांदेखत सांगितलं, की एवढं पेट्रोल कुठे जातं ते बघितल्याशिवाय बाया त्याच्या डोंग्यात पाय ठेवणार नाहीत. मग मात्र त्याला हलावंच लागलं.

तिरोड्याच्या बसस्टँडमागे चुन्नीलालचं दुकान होतं. मोटारसायकली, पाण्याचे पंप, फवारणीची यंत्रं, जे येईल ते तो दुरुस्त करी. सेवकरामने मोटर त्याच्या बाकावर ठेवली.

"पेट्रोल पिऊन राहिली," तो म्हणाला.

चुन्नीलालने प्लग काढला. तो काजळीने काळाभोर झाला होता. "हे देखो," तो म्हणाला. त्याने नवा प्लग बसवला, कार्बोरेटर उघडून धुतला, हवेची जाळी झटकली. मग दुकानामागच्या पाण्याच्या ड्रममध्ये मोटर लावून चालवली. आवाज स्वच्छ आला, धूर नव्हता. "आता घड्याळासारखी चालन, भाऊ."

सेवकरामने मान हलवली. दुसऱ्या दिवशी डोंगा एकट्याने नेऊन आणला. पेट्रोल जवळजवळ तेवढंच गेलं.

तो पुन्हा चुन्नीलालकडे गेला. या वेळी त्यांनी टाकीची नळी पाहिली, जोड हुंगले, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक टोचून पाहिलं. कुठे गळती नव्हती. मग चुन्नीलालने मोटरचा पाण्यात फिरणारा पंखा सोडवला. पंख्यामागे दांड्यावर जाळ्याचा नायलॉन दोरा गच्च गुंडाळलेला होता आणि एका पात्याची कड दगडावर आपटून मुडपली होती. त्याने दोरा कापून काढला, पातं ठोकून, कानस लावून सारखं केलं.

"दगडावर कधी गेला होता?"

"गेला असन," सेवकराम म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं. या उन्हाळ्यातलं काहीच धड आठवत नव्हतं.

थोडा फरक पडला, पण थोडाच. डोंगा जुन्या चालीने धावत नव्हता. मोटर पूर्ण जोरात चालवली तरी नाक वर करून, म्हशीसारखा पाणी ढकलत जाई.

रविवारी हेमेंद्र गोंदियाहून आला. वडिलांना बघावं, दोन गोष्टी बोलाव्यात, असं त्याच्या मनात होतं. बोलणं काही झालं नाही. "जेवता ना बाबा?" "हो." "झोप लागते?" "हो." अखेर तो म्हणाला, "चला, तुमचा डोंगा तरी दाखवा." पण आधी तिरोड्याला जाऊन त्याने चुन्नीलालला मोटारसायकलवर मागे बसवून आणलं.

चुन्नीलालने पाण्यातला डोंगा पहिल्यांदाच पाहिला. तो काठावर उभा राहून बराच वेळ बघत राहिला.

"भाऊ, यात कोणी बसलं नाही ना?"

"नाही."

"सामान?"

"नाही."

"मग हा एवढा खाली काऊन बसला?"

डोंग्याच्या अंगावर निळ्या रंगाचा पट्टा होता. मागच्या बाजूला तो पट्टा पार पाण्याखाली गेला होता. सेवकराम रोज याच डोंग्यात बसत होता. त्याने पट्ट्याकडे पाहिलंच नव्हतं. हेमेंद्र पाण्यात उतरला आणि त्याने मागचा कोपरा उचलायला जोर लावला. डोंगा जागचा हलला नाही.

नंदाबाई जवळच्याच एका दगडावर धुणं धूत होती. ती तिथूनच म्हणाली, "पानी भरलं असन आत."

"आत कुठे, वहिनी? कोरडा तं आहे," सेवकराम म्हणाला.

"वरून कोरडा. फळीखालच्या पोटात. देवका काढे ना रोज."

सेवकरामने डोंग्याच्या बुडाकडे पाहिलं.

नंदाबाई हातातला कपडा तसाच टाकून आली. डोंग्यात चढली, मागच्या फळीवरची गोणपाटाची घडी तिने बाजूला केली. खाली थाळीएवढं गोल झाकण होतं. सेवकरामने ते अनेकदा पाहिलं होतं. सामान ठेवायचा कप्पा असेल, असंच तो समजून होता. नंदाबाईने झाकण फिरवलं. ते घट्ट बसलं होतं, चुन्नीलालला पकड लावावी लागली. झाकण निघालं, तर आत काठोकाठ काळं पाणी. वास मारत होतं.

"तू मोटर घेऊन वर गेला का देवका इथं बसे," नंदाबाई म्हणाली. "मगाने पानी काढे, मंग लुगड्याच्या फडक्याने टिपे. मी म्हटलं होतं तिले, सेवकरामले सांग ना वं. तं म्हणे, त्याले मोटरचं काय कमी आहे, त्यात हे कायले."

हेमेंद्रने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

सेवकरामने खाली वाकून पाण्यात हात घातला. पाणी थंड होतं. तो नंदाबाईला म्हणाला, "पानी काढाले मग आहे का?"

तिने धुण्याच्या बादलीतला मग दिला. तो पाणी काढायला बसला. हेमेंद्र म्हणाला, "बाबा, मी काढतो." त्याने ऐकलं नाही. एक मग, दुसरा मग, असं तो काढत राहिला आणि नदीत टाकत राहिला. चुन्नीलाल काठावर बसून बिडी ओढत होता. पाणी कमी झालं तसा डोंगा हळूहळू वर येऊ लागला, आधी निळा पट्टा दिसला, मग त्याखालचं शेवाळ. तळाशी, डोंगा तरंगता राहावा म्हणून भरलेल्या थर्माकोलचे भिजलेले तुकडे होते, तेही त्याने उपसून बाहेर काढले. मग हेमेंद्रने आपल्या खांद्यावरचा दुपट्टा पुढे केला. सेवकरामने त्या दुपट्ट्याने कोपरे टिपले.

त्याला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. छातीत काही तुटेल, डोळे भरतील. झालं नाही. पाठ मात्र दुखत होती.

डोंगा सगळ्यांनी मिळून वाळूवर ओढला. मोटर जिथे कसतात तिथल्या बोल्टांची भोकं झिजून मोठी झाली होती, भोवती पाणी अडवायला भरलेला मसाला वाळून निघून गेला होता. पाणी तिथूनच झिरपत होतं. चुन्नीलालने भोकं घासून कोरडी केली, नव्या मसाल्याने भरली आणि बजावलं, "दोन दिवस पाण्यात टाकू नका." हेमेंद्रने तळाचं शेवाळ खरवडलं. जाताना तो म्हणाला, "बाबा, आमच्याकडे या ना. डिंपल बी म्हणून राहिली." सेवकराम म्हणाला, "रोवणी होऊ दे."

डोंगा पुन्हा पाण्यात गेला तेव्हा पहिल्याच फेरीत हाताला फरक कळला. नाक खाली आलं होतं, पाणी दोन्हीकडे कापलं जात होतं. टाकी पूर्वीइतकीच पुरू लागली. बायांनी नंदाबाईकडे पाहिलं, नंदाबाई चढून बसली, मग सगळ्या बसल्या.

रोवणी झाली. सेवकराम गोंदियाला गेला नाही. रोज संध्याकाळी माणसं उतरली की तो झाकण उघडून आत हात घाली. आत कोरडं असे. तरी तो फडकं फिरवून घेई, आणि मोटर त्यानंतरच सोडवी. त्यामुळे घरी पोचायला त्यालाही उशीर होई. घरात विचारणारं कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर पलीकडच्या गावात मंडईची जत्रा भरली. दुकानं लागली, रात्रीच्या नाटकाचा मंडप पडला. बायांना दुपारी जायचं होतं. सेवकरामने त्यांना पोचवलं आणि स्वतः डोंग्यातच बसून राहिला. "चाल ना गा," म्हणून दोघीतिघींनी आग्रह केला, तरी तो उतरला नाही. धान कापणीला आलं होतं. काठावरून त्याचा वास येत होता. लाउडस्पीकरवर कोणीतरी हरवलेल्या मुलाचं नाव पुकारत होतं. पुढे ते थांबलं, म्हणजे मुलगा सापडला असावा.

ऊन उतरल्यावर बाया परत आल्या. नंदाबाईने कागदात बांधलेली गरम भजी त्याच्या हातात ठेवली. तो खाऊ लागला. ती त्याच्याकडे बघत बसली.

"कशी आहे?"

"तिखट झाली," सेवकराम म्हणाला. त्याने नाक पुसलं, उरलेली भजीही खाल्ली, कागद चुरगाळून खिशात टाकला आणि दोरी ओढून मोटर सुरू केली.