पेटी आत आणि सून बाहेर

आमचा वजनकाटा अच्छाडच्या अलीकडे, हायवेला लागून. ट्रक काट्यावर चढतो, पत्र्याच्या केबिनमधला कॉम्प्युटर वजन घेतो, पावती निघते. दुसरा काटा सरावलीला, तो मुलगा बघतो. दोन्हीकडच्या पावत्या एका जागी जमायला हव्यात म्हणून काट्यालगतच्या आमच्या घरात, मागच्या विटांच्या खोलीत एक मोठी पेटी होती. तिला सर्व्हर म्हणतात. दिवसरात्र घरघर करायची. पेटीचं सगळं सून बघायची.

आमच्या तलासरीकडे जमीन हलते. घरं धडाधड पडतात असं नाही. पण खालून कोणी दणका दिल्यासारखा आवाज येतो, भांडी वाजतात आणि माणसं दाराकडे पळतात. हादरे सुरू झाले त्या पहिल्या हिवाळ्यात सगळा पाडा अंगणात ताडपत्रीखाली झोपायचा. माझ्या बायकोची छाती आधीच कमजोर. तिला दव बाधलं, ताप चढला, न्यूमोनिया झाला, गेली. भिंत तिच्या अंगावर पडली नाही. भिंतीला भिऊन बाहेर झोपली आणि गेली. कोणी विचारलं, "काकी भूकंपात गेल्या का?" तर मी हो म्हणतो. ते खोटं नाही.

तेव्हापासून माझी भीती गेलेली नाही. पेटीच्या खोलीच्या भिंतीला तडा होता, मी रोज त्यावरून बोट फिरवून बघायचो, वाढला का म्हणून.

पेटी जुनी झाली, मधेच बंद पडायला लागली. वापीहून सॉफ्टवेअरवाला इंजिनियर आला. म्हणाला, नवी पेटी घ्या, नाहीतर व्हर्च्युअल मशीन घ्या.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"काका, मुंबईत मोठी मशीनं आहेत. एकेका मशीनमध्ये चाळीसारख्या खोल्या पाडल्यात. त्यातली एक तुमची. भाडं भरायचं, नेटवरून वापरायची."

"आणि ती चाळ हलली तर?"

"तुमची खोली दुसऱ्या चाळीत नेतात. आतलं सामान जसंच्या तसं."

मला हे पटलं. कळलं किती ते सोडा. माझ्या घरात नाही, एवढंच मला पुरे होतं.

सुनेला पटेना. तिचंही चुकीचं नव्हतं. "बाबा, पावसात इथे नेट दोन-दोन दिवस जातं. ट्रकांची रांग लागली की ड्रायव्हर शिव्या घालतात. त्या तुम्ही ऐकणार का?"

"ऐकीन. शिव्यांनी छप्पर पडत नाही."

"पेटी आपल्या हाताशी असते. बिघडली तर उघडता येते. मुंबईतली कोण उघडणार?"

मुलगाही तिच्या बाजूचा. नवी पेटी घ्यायचं ठरलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ताट वाढून पुढ्यात बसणारी आता नाही.

पेटी यायच्या आत, भर दुपारी जमीन हलली. सून ट्रकजवळ पावती देत होती. मी बाजेवरून उठून अंगणात आलो. ड्रायव्हर ट्रकमधून उडी मारून "भागो चाचा!" ओरडला. सगळे बाहेर पळत होते, आणि ही बाई पावतीचा कागद टाकून मागच्या खोलीत शिरली.

मी हाक मारली. आतून काहीतरी कोसळल्याचा आवाज आला, आणि दारातून नुसती धूळ.

मग ती आली. केसांत चुना, पदरात बॅकअपची डिस्क, तान्हं मूल धरावं तशी.

"बाबा, यात सगळं आहे. वाचलं."

मी खोलीत डोकावलो. भिंतीवरचा गिलावा तिच्या खुर्चीवर पडला होता.

"नवी पेटी या खोलीत आली तर विहिरीत टाकीन," मी म्हणालो. "आणि तू पुन्हा आत गेलीस तर मीही आत येईन. मग दोघांना काढा."

ती हसायला गेली आणि रडली. म्हणाली, "आणि नेट गेलं तर, बाबा?"

इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, केबिनमधल्या कॉम्प्युटरमध्ये सोय करून देतो. नेट गेलं तर तो वजनं स्वतःकडे ठेवील, नेट आलं की मुंबईला पाठवील.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलंच नाही, काका."



मुंबईची खोली ठरली, पण एका दिवसाचं काम राहिलंच. जुन्या पेटीतलं सगळं मुंबईला पाठवायचं होतं. नेट हळू, मधे तुटलं तर पुन्हा सुरुवात, म्हणून सुनेला पेटीजवळ बसणं भाग होतं, त्याच खोलीत. मी माझी खुर्ची दारात घातली आणि तिच्या खुर्चीची पाठ धरून बसलो.

"बाबा, चहा तरी घ्या."

"आधी संपव."

हायवेवरून जड ट्रक गेला की जमीन थरथरायची आणि मी मूठ आणखी आवळायचो. दरवेळी वाटायचं, हेच ते. तडा माझ्या डोळ्यांसमोर होता. दुपार कलली, हात बधिर झाला, तरी तिची खुर्ची सोडली नाही.

"झालं, बाबा. गेलं सगळं. बघता का?"

"नंतर बघू," मी म्हणालो. "आधी बाहेर ये."