खेळाच्या तासाची लेखी परीक्षा

आमच्या शाळेतले पीटीचे सर निवृत्त झाले आणि त्यांची शिट्टी माझ्या गळ्यात पडली. मी गणिताचा मास्तर. वजन शंभराला टेकलेलं, फाटकापासून वर्गापर्यंत यायलाच दोनदा घाम पुसावा लागतो. पण मुख्याध्यापकांचं म्हणणं सरळ होतं. "नवा माणूस कधी येईन त्याचा भरोसा नाही. अन् तसेही त्यांचे अर्धे तास तुम्हीच घेऊन राह्यले होते न?"

हे खोटं नव्हतं. दहावीचा पोर्शन मागे पडला की मी पीटीचा तास मागून घ्यायचो आणि पीटीचे सर खुशाल चहाला जायचे. पोरांना कोणी विचारत नव्हतं.

खेळाशी माझं वैर तसं लहानपणापासूनचं. देऊळगाव राजाला शाळेत होतो तेव्हा कवायतीच्या दिवशी माझं पोट नेमकं दुखायचं. इतकं नेमाने, की तिथले सर म्हणायचे, "याच्या पोटाला टाइमटेबल पाठ आहे." असा माणूस मैदानात उतरून काय दिवे लावणार? पहिले दोन दिवस पोरांना फेऱ्या मारायला सांगून मी लिंबाखाली खुर्ची टाकून बसलो. तिसऱ्या दिवशी सातवीतल्या एकाने पळता पळता विचारलं, "सर, तुम्ही नाही येत का?" विचारलं साध्या मनाने, पण मला ते लागलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगणात जायचंच बंद केलं. मैदानात खडे फार आहेत असं सांगून सगळ्यांना वर्गात बसवलं.

आता वर्गात करायचं काय? माझ्याकडे बी.एड.च्या वेळचं एक जुनं गाईड होतं. ते काढलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शारीरिक शिक्षण : अर्थ, हेतू आणि उगम'. मग सांगायला लागलो आणि पोरं लिहायला लागली. शरीराच्या हालचालींतून माणसाचा सर्वांगीण विकास घडवणारे शिक्षण म्हणजे शारीरिक शिक्षण, हा अर्थ. हेतू एकूण आठ. उगम आदिमानवापासून, कारण त्याला शिकारीमागे आणि वाघापुढे पळावं लागे. (मी त्या काळी असतो तर वाघाचं एका वेळचं भागलं असतं.) हालचालीचं महत्त्व सांगत असताना मागच्या बाकावर कोणी हललं, तर मी खडू फेकून मारायचो. यात काही विसंगत आहे हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, देवाशपथ.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण गणिताच्या मास्तराला परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मी वीस मार्कांचा पेपर काढला आणि जाहीर केलं, "ज्याला पंधराच्या वर मार्क, तोच मोताळ्याला तालुक्याच्या स्पर्धेत जाईल." मुख्याध्यापकांनी मान डोलावली. निवड कशी केली, याचा पुरावा फायलीला लागणार होता.

आठवीत एक मुलगी होती. बाप वांगी-मेथीचा मळा करणारा, घर गावापासून तीन किलोमीटरवर मळ्यातच. सकाळी माल तोडू लागायची, मग दप्तर पाठीवर टाकून शाळेपर्यंत पळत यायची. प्रार्थनेची घंटा चुकू नये म्हणून. त्या रस्त्याला खड्डेच इतके, की माझी स्कूटर मागे आणि ही पुढे, असं मी कितीदा तरी पाहिलं होतं. तिला वीसपैकी दोन मार्क मिळाले. 'अर्थ सांगा' या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, 'मला हे येत नाही सर. पळता येते.' मी त्यावर लाल शाईने शेरा मारला, 'उत्तर प्रश्नाला धरून नाही.'

दोन दिवसांनी तिचा बाप बाजाराला जाता जाता शाळेत आला. गाडीवर वांग्यांची पोती तशीच बांधलेली.

"सर, पोरगी जेवून नाही राह्यली. रोज शाळेत पयत येते. तिले मोताळ्याले काऊन नाही नेत?"

"नापास झाली हो ती."

"कायच्यात?"

"खेळाच्या लेखी परीक्षेत."

त्याने अगदी गरिबीने विचारलं, "म्हणजे कागदावर पयाचं होतं का सर?"

मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. घरी आल्यावर हा किस्सा बायकोला हसून सांगितला. ती हसली नाही. "तुम्ही शेवटचे कधी पयाले होते?" एवढंच तिने विचारलं. मला आठवेना. रात्रभर मात्र तो शेरा आठवत राहिला, प्रश्नाला धरून नाही.

सकाळी मुख्याध्यापकांकडे जाऊन म्हणालो, हिचं नाव घालू. पण नावं ऑनलाइन भरून झाली होती आणि मुदत संपली होती. तरीही स्पर्धेच्या दिवशी मी तिला बरोबर नेलं. तिथे कोणाच्या तरी पाया पडू, असा विचार केला. तिला मात्र फक्त "चल" म्हणालो, नाव नाही हे सांगायची हिंमत झाली नाही.

मोताळ्याच्या मैदानावर माझे पंधराच्या वरचे चौघे आपापल्या शर्यतीत शेवटून पहिले आले. एकाने तर पळायच्या आधी मला विचारलं, "सर, कोण्या बाजूनं पयाचं?" आठही हेतू त्याला पाठ होते.

शेवटी मी मुलीला घेऊन टेबलावरच्या पंचांकडे गेलो. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत बघितली. "नाव नाही सर. माह्या हातात काही नाही."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग पंचांपुढे हात जोडून उभी राहिली आणि घडाघडा म्हणायला लागली. अर्थ म्हणाली. आठ हेतू क्रमाने म्हणाली. आदिमानव, शिकार, वाघ, सगळं एका दमात. स्वल्पविरामही सोडला नाही. कोणाच्या तरी वहीतून चार दिवसांत पाठ केलं होतं तिने. संपल्यावर मला म्हणाली, "आता पयू का सर?"

पंच मला म्हणाले, "काय म्हणून राह्यली हे?"

मी सगळं सांगितलं. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. पंच हसतील असं वाटलं होतं, पण तेही हसले नाहीत. यादी मिटून म्हणाले, "शर्यती आटोपल्या की ट्रॅक मोकळाच आहे. पयू द्या एकटीले. नोंद होणार नाही, पण तिले तं समजंल किती लागले." आणि त्यांनी माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं.

ऊन उतरलं होतं, मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते. तिने चपला काढल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि शंभर मीटरवरच्या रेषेवर जाऊन उभी राहिली. मी या टोकाला. शिट्टी वाजवली आणि ती निघाली. पळणं म्हणजे काय हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. दप्तर नाही, घंटेची घाई नाही, नुसती पळत होती. खुर्च्या उचलणारे दोघं हातातल्या खुर्च्यांसकट थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

ती माझ्यासमोरून गेली, पुढे जाऊन थांबली आणि धापा टाकत परत आली.

"किती लागले सर?"

मी हातात पाहिलं. शून्य, शून्य, शून्य. बटण दाबायचंच राहिलं होतं. आयुष्यभर आकडे शिकवले, आणि हा एकच आकडा माझ्याकडे नव्हता. एक बरासा आकडा जिभेवर आला होता, पण तिच्याकडे बघून तो बोलवेना.

"माफ कर बाई," मी म्हणालो. "मी पाहतच राहिलो. दाबलंच नाही."

तिने कमरेवर हात ठेवून दोन श्वास घेतले.

"जाऊ द्या सर, परत पयते," ती म्हणाली आणि रेषेकडे चालायला लागली. अर्ध्यावर गेल्यावर तिने मागे वळून ओरडून सांगितलं, "आता दाबजा मात्र!"