जनकाबाईच्या पोराची घड्याळं

वारंगा फाट्याला उतरून आत वळलं की हळदीच्या रानांमधून एक गाव लागतं. त्या गावात कुणालाही विचारा, जनकाबाईचा रत्नपाल पुण्याला काय करतो? उत्तर ठरलेलं आहे. ‘घड्याळं दुरुस्त करते.’ भौतिकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या, परदेशातल्या परिषदांत भाषणं करून आलेल्या माणसाची ही ओळख. पण गावाला हसू नका. गावानं हे आपल्या मनानं काढलेलं नाही.

रत्नपालचं काम होतं काळावर. आधी काही वर्षं तो कागदावरच्या काळात रमला. काळ पुढंच का जातो, मागं का फिरत नाही, याची समीकरणं मांडत बसायचा. पुढं त्याला वाटलं, काळ आहे तसा असू दे, तो जीवाला कळतो कसा? म्हणून उंदरांच्या प्रयोगशाळेत शिरला. दिवा लागला की उंदरानं काही वेळ थांबायचं, मग कळ दाबायची, तेव्हा दाणा मिळायचा. घाई केली तर उपास. तेवढा वेळ उंदराचा मेंदू कशानं मोजतो, हे तो शोधू लागला. आणि तिथून गाडी आली शाळेत. एकाच वर्गात एका लेकराला गणिताचा तास चुटकीसरशी संपल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्याला संपता संपत नाही, ते का, आणि त्याचा शिकण्यावर काय परिणाम होतो? भौतिकशास्त्रवाले, मेंदूवाले आणि शिक्षणशास्त्रवाले एका टेबलाशी बसवणं म्हणजे बेडकं तराजूत तोलणं. रत्नपालनं ती तोलली. अवघड गोष्ट सोपी करून सांगावी तर यानंच, असं लोक म्हणत.

फक्त एका माणसाला ती सांगायची राहून गेली.

नवरा सोनाजी गेला तेव्हा रत्नपाल दहावीत होता. जनकाबाईनं दुसऱ्यांची हळद काढून, शिजवून, वाळवून त्याला शिकवलं. हाताची पिवळी बोटं कधी पांढरी झाली नाहीत. पोरगं शिकलं, नोकरीला लागलं, ज्योतीसारखी सून आली, आरोही झाली. म्हातारीची एकच हौस राहिली होती.

“तू करतो तरी काय रे, बाबा?”

“वेळेचं काम हाय, माय.”

“वेळेचं म्हंजी?”

“तुला आता न्हाई कळायचं. जयंतीला आलो की सवडीनं सांगतो.”

जयंतीला तो यायचा. विहारापुढच्या मंडपात त्याचं भाषण व्हायचं. जनकाबाई नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या की आपणही वाजवायची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हा परत. सवड काही मंडपात हरवत नव्हती, ती मुळात पुण्याहून निघतच नव्हती.

इकडं रानात बायका विचारून विचारून भंडावून सोडत. शेवटी जनकाबाईनं आपल्या बुद्धीनं हिशेब लावला. वेळेचं काम म्हणजे घड्याळाचंच काम. नाहीतर दुसरं काय असणार? झालं. ज्याच्या घरी जे बंद पडलेलं होतं ते तिच्याकडं येऊ लागलं. भिंतीवरची, गजराची, नवऱ्याच्या मनगटावरची. “माहा लेक आला की करून देईन,” हा तिचा शब्द.

एकदा लग्नाच्या निमित्तानं रत्नपाल आला, तर तिनं सतरंजीवर सगळी घड्याळं मांडून ठेवलेली. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू पंगतच वाढून ठेवली आहे.

रत्नपालचं डोकं फिरलं. “माय, मी काय घड्याळजी हाय? काहून माही इज्जत घालवून राहिली गावात?”

तिनं एकेक घड्याळ पदरानं पुसून पिशवीत भरलं. “चुकलं बाबा,” म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली. त्यानंतर तिनं त्याला कामाचं कधीही विचारलं नाही. रत्नपालला वाटलं, बरं झालं, मिटलं एकदाचं. शिकलेल्या माणसाला स्वतःच्या घरातलं किती उशिरा दिसतं!

रविवारी फोन व्हायचा. तो दोन शब्द बोलून फोन आरोहीकडं द्यायचा, आणि आजी-नातीचं गुऱ्हाळ मग बराच वेळ चालायचं.

गेल्या पौषात जनकाबाई रानातच कोसळली. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाज ऐकू येतो, माणूस ओळखू येतो, पण शब्दाचा अर्थ आता आत पोचत नाही. रत्नपालला हे सांगायची गरज नव्हती. मेंदूचा तो भाग तो स्वतः कितीदा पडद्यावर दाखवत आला होता. त्यानं रजा टाकली आणि तिला गावी आणलं.

आणि मग त्यानं सांगायला सुरुवात केली. खाटेशेजारी बसून, तिचा डावा हात हातात धरून, रोज. “माय, हे बघ, उंदीर असतो, त्याला भूक लागलेली असते...” सगळ्यात सोपे शब्द, तिच्याच भाषेतले. सोपं कसं सांगावं म्हणून शिक्षकांना जे शिकवायचा ते सगळं पणाला लावलं. एक तरी शब्द आत पडावा, एकदा तरी तिनं ‘व्हय’ म्हणून मान हलवावी, एवढंच त्याला हवं होतं. ती त्याच्या ओठांकडं टक लावून बघायची. तो थांबला की त्याचा हात थोपटायची, लहानपणी ताप आल्यावर थोपटायची तसा.

“तिला कळत न्हाई गं, ज्योती,” तो एकदा अंगणात येऊन ढसाढसा रडला. “कळत होतं तेव्हा मी सांगितलं न्हाई.”

ज्योती त्याच्याजवळ बसून राहिली.

माघ संपता संपता जनकाबाई गेली. जयंतीला अजून अवकाश होता.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गाव आलं. भंतेजींची वंदना झाली, जेवणं उरकली, ज्योती आरोहीला घेऊन पुढं पुण्याला गेली. रत्नपाल घर आवरत होता, तेवढ्यात पद्माबाई आली. तिच्याच रानात जनकाबाईनं जन्मभर हळद काढली होती. तिच्या हातात भिंतीवरचं घड्याळ होतं.

“रत्नपाला, तुह्या हातात जादू हाय बघ. तू करून दिल्यापासून इतकी वर्सं बराबर चाललं. आता मातर बसलं ते बसलंच.”

“मी करून दिलं?”

“तर! गावात सगळ्यांचीच तू केलेली. जनका म्हणायची, लेक रातच्याला बसून करते अन् गुपचूप ठिवून जाते. लई गुणाचं लेकरू म्हणायची.”

रत्नपालच्या ओठांवर आलं होतं, मावशी, मला घड्याळातलं ओ की ठो कळत नाही. पण मेलेल्या मायला गावात खोटं पाडायचं? त्यानं हात पुढं केला. “द्या मावशी. करून देतो.”

फाट्यावर, गाड्या थांबतात तिथं, प्रेमदासची टपरी आहे. घड्याळं, मोबाइल, टॉर्च, सगळं तो उघडतो. रत्नपालनं घड्याळ पुढं केलं, तसं प्रेमदासनं ते उलटं करून पाहिलं आणि हसला.

“ह्ये तर जनकाबाईनं आणलं व्हतं. मशीन म्याच बदललंय. बाई बऱ्या हायेत ना? लई दिसात आल्या न्हाईत.”

“नेहमी यायच्या?” एवढंच रत्नपालनं विचारलं.

“मजुरी बुडवून यायच्या, पिशवीत घड्याळं घालून. गावात म्हणे पोरगं दुरुस्त करते म्हणून सांगून ठिवलेलं. एकदा म्या इचारलं, बाई, लेक घड्याळजी हाय तर माह्याकडं काहून आणता? तर म्हणल्या, घड्याळजी न्हाई रे. वाट बघताना वेळ लांब काहून वाटते, ते हुडकून राहिला माहा लेक. नातीनं फोनवर समजावलं म्हणे.” प्रेमदास मागचं झाकण उघडता उघडता पुन्हा हसला. “वर म्हणल्या, मलाच इचारलं असतं तर सांगितलं असतं की!”

मागं नांदेडची गाडी येऊन थांबली, माणसं चढली, गाडी गेली. रत्नपाल टपरीचा खांब धरून उभा होता.

“म्या म्हणलं, मंग समजलं म्हणून सांगा की लेकाला. खुश व्हईल. तर म्हणल्या, नगं. जयंतीला आला की सवडीनं सांगणार हाय म्हणलाय. त्याच्या तोंडून ऐकीन.”

प्रेमदासनं नवा सेल घातला. सेकंदाचा काटा हलला, चालू लागला.

“झालं. टाइम सांगा, काटे लावून देतो.”

रत्नपालनं मनगट वर केलं. घड्याळ होतं, पण त्याला काटे दिसेनात.