भाचीला नाही म्हणण्याचा गृहपाठ

माझी भाची आमच्या घरी राहायला आली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी तिच्या पाया पडलो.

यात विशेष काही नाही. वऱ्हाडातल्या आमच्यासारख्या पुष्कळ घरांत मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीला रागवायचं नाही, काम सांगायचं नाही, तिचं जेवलेलं ताट मामा-मामीनं उचलायचं. मी अमरावतीच्या एका दैनिकात वीस वर्षं उपसंपादक आहे. अंधश्रद्धेविरुद्धच्या कितीतरी बातम्यांना मी मथळे दिले आहेत. तरीही तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात, एका हातात तिची सुटकेस आणि दुसऱ्या हातात तिची बॅडमिंटनची रॅकेट घेऊन मी वाकलो. रॅकेट शेजाऱ्यांच्या बेलला लागली. शेजारी दार उघडून बाहेर आले, त्यांनी दृश्य पाहिलं, "चालू द्या," म्हणाले आणि आत गेले.

पार्श्वभूमी अशी. तिची आई, म्हणजे माझी मोठी बहीण, त्याच वर्षी आजारपणात गेली. भाऊजी ट्रकवर असतात. महिन्यातले चार दिवस घरी, बाकी रस्त्यावर. उन्हाळ्यात घरच्यांनी ठरवलं की पोरगी दिवाळीपर्यंत आमच्याकडे राहील आणि दिवाळीनंतर तिलाच विचारायचं. मामाकडे राहायचं, की तेल्हाऱ्याला काकांकडे? तेल्हाऱ्याला दोन चुलत बहिणी, म्हैस आणि लिंबाला बांधलेला झोका होता. आमच्याकडे मी, बायको आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे. तिनं आमच्याकडेच राहावं असं आम्हा दोघांना वाटत होतं. तसं आम्ही एकमेकांना बोलून दाखवलं नाही. फक्त आठ दिवसांत तिच्यासाठी एक टेबल, दोन मच्छरदाण्या आणि चार कंपासपेट्या घेतल्या.

पहिले तीन महिने ती अतिशय चांगली वागली. तीच अडचण होती. पाणी पिण्याआधी ती "पाणी घेऊ काय?" असं विचारायची. मोबाइल मागितला की आम्ही देत होतो, पोळीऐवजी नूडल्स मागितल्या की करत होतो, आणि ती प्रत्येक वेळी "थँक्यू मामी" म्हणायची. ताट मी उचलायचो तेव्हा ती हात मांडीवर घेऊन बसायची. लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखी.

तिच्या शाळेच्या फाटकावर बायकोला एक कागद मिळाला. नातेवाइकांची मुलं सांभाळणाऱ्यांसाठी प्रशिक्षण, सहा रविवार, राजापेठ. "तू जा," बायको म्हणाली. "माह्याकडे रोज साठ पोट्टे असतात शाळेत. मले प्रशिक्षणाची गरज नाही." आमच्या घरात ती शिक्षिका आहे.

वर्ग एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत भरायचा. बाक आठवीच्या मुलांच्या मापाचे. फळ्यावर सकाळच्या बॅचचं समीकरण अर्धवट सुटलेलं. आम्ही अकरा जण होतो: आजोबा, आत्या, मावश्या, एक मोठा भाऊ, एकच मामा. माझ्या बाकावर अकोल्याहून येणारे एक आजोबा बसत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, दोन नातवांना वाढवणारे. वर्गात शिरताना ते सवयीनं "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणत. मागच्या बाकावर नांदगाव खंडेश्वरच्या एक काकू असत. त्या पुतणीला सांभाळत होत्या, आणि सगळ्यांच्या बोलण्यावर त्यांचं काही ना काही म्हणणं असे. शिकवणारी ताई पंचविशीची, पुण्याची. तिचं मराठी इतकं स्वच्छ होतं, की पहिल्या रविवारी काकूंनी विचारलं, "बाई, तुमी बातम्या देता काय?"

तिसऱ्या रविवारचा विषय होता नकार. ताईंनी तीन गोष्टी सांगितल्या. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या. थोडक्यात सांगा. कारण द्या. मग जोड्या लावल्या. एकानं मूल व्हायचं, दुसऱ्यानं नाही म्हणायचं. माझी भाची झाले कंडक्टर आजोबा.

ते बाकावर पाय हलवत बसले आणि म्हणाले, "मामा, मले मोबाइल पायजे."

"बरं," मी म्हणालो.

"अरे, नाही म्हण ना, बाप्पा!"

"पुन्हा करू."

"मामा, मले मोबाइल पायजे. रात्री बारापर्यंत पायजे."

"चार्जिंग आहे का बघतो."

वर्ग हसायला लागला. तिसऱ्यांदा आजोबांनी दोन मोबाइल आणि एक घोडा मागितला. मी घोडा कुठं बांधायचा यावर विचार केला. ताईंनी डस्टर टेबलावर आपटून विचारलं, "काका, तुम्हाला नेमकं काय अडवतंय?"

मी खरं ते सांगितलं. ती भाची आहे. तिला रागवता येत नाही.

पुण्याच्या ताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. मामा भाचीच्या पाया पडतो हे ऐकून त्यांनी वही मिटली. पुढची वीस मिनिटं वर्ग ताईंच्या हातात राहिला नाही.

"भाचीले रागावलं तं पाप लागते," काकू म्हणाल्या. "आमच्या इकडे तं मामा तिले ग्लासही उचलू देत नाही."

"मंग ती पोट्टी शिकन कधी?" एका आत्यानं विचारलं.

"मामीनं शिकवावं. मामीले पाप नाही."

"वा! म्हणजे पाया पडून पुण्य मामाचं अन् कटकट मामीची!"

यावर बायकांच्या बाकांवर टाळ्या वाजल्या. शेवटी कंडक्टर आजोबा उभे राहिले. त्यांनी हात वर केला, आणि गाडीत गर्दी शांत व्हावी तसा वर्ग शांत झाला.

"हे पाहा," ते मला म्हणाले, "पोरगी आधी तुह्याकडे किती दिवस येत होती?"

"उन्हाळ्यात. पंधरा दिवस."

"झालं तं मंग. तो पाहुण्याचा पास होता. पंधरा दिवसांचा. तुह्या बापजाद्यानं नियम केला तो त्या पासासाठी. आता पोरगी राहायले आली. तिले पूर्ण तिकीट दे. पाहुणी म्हणून कायले फिरवून राहिला तिले?"

ताईंनी वही उघडली आणि ते वाक्य लिहून घेतलं. मग आम्हाला गृहपाठ दिला: आठवड्यात एकदा नाही म्हणा आणि वेळेसकट नोंद करा.

माझ्या नोंदी अजून आहेत. सोमवार, सकाळी ७.४०: नूडल्सची मागणी. नकाराची संधी. घेतली नाही. मंगळवार, ४.१५: वर्तमानपत्राचं विमान करू का, अशी विचारणा. अंक आजचा. दिला. बुधवार: तिनं काही मागितलं नाही. मी दोनदा विचारलं. गुरुवार, ६.१०: "मामा, तू माह्याकडे असा काहून पाहून राहिला?" वही पाठीमागे लपवली.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिला स्कूटरवर पुढे उभी करून राजापेठेत वह्या घ्यायला निघालो. ट्यूशन सुटायची वेळ होती. सायकली, स्कूट्या, ऑटो, मधोमध एक गाय. भाचीनं हात पुढे करून हँडलवरचा रेसचा कान पिळला. गाडी उसळली आणि केळ्यांच्या गाड्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

"नाही!" मी म्हणालो. आवाज इतका मोठा होता की गायही वळली.

मग मला तीन गोष्टी आठवल्या. स्कूटर स्टँडवर लावली, तिला खाली उतरवलं आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवर येण्यासाठी वाकलो. थोडक्यात सांगितलं: "कान पिळायचा नाही." कारण दिलं: "मरू." इथवर सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. पण चाळीस वर्षांची पाठ होती. भाचीसमोर एकदा वाकली की कुठं थांबायचं हे तिला माहीत नव्हतं. ती वाकतच गेली. मी भर चौकात भाचीच्या पाया पडलो.

मागचे हॉर्न बंद झाले. केळीवाला म्हणाला, "काय झालं, बाप्पा? पोरीच्या अंगात देवी आली काय?" मागून जाणाऱ्या एका बाईंनी स्कूटीवरूनच हात जोडले.

भाची लालबुंद झाली होती. तीन महिन्यांत तिनं आवाज चढवला नव्हता. आता चढवला.

"आधी रागावतं, मंग पाया पडतं! एक कायतरी कर ना, मामा! सगळे पाहून राहिले!"

"सवय आहे," मी म्हणालो.

"मंग सोड सवय! शाळेतल्या पोरी येतात इथं ट्यूशनले!"

केळीवाल्यानं तिची बाजू घेतली. "बराबर बोलून राहिली पोरगी." त्यानं तिला एक केळं दिलं. ते तिनं सोलून खाल्लं, साल माझ्या हातात दिली आणि स्वतः स्कूटरवर मागे जाऊन बसली. घरात शिरून थेट माठाकडे गेली, दोन ग्लास पाणी प्यायली, ग्लास आपटून ठेवला. कुणालाही विचारलं नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी वेळ पाहिली: ६.५५.

त्या रात्रीच्या जेवणात तिनं अटी सांगितल्या. पाया पडणं वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला, घरात, दार लावून. बाकीचे दिवस ती स्वतःचं ताट उचलेल. मी म्हणालो, मग मोबाइल अर्धा तास. ती म्हणाली, एक तास. मी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आलो, बायकोनं मागून माझी कॉलर धरून ठेवली, आणि मी नाही म्हणालो. भाचीनं दार आपटलं. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी दार आपटलं होतं. रविवारी मी वर्गात हे सांगितलं तेव्हा कंडक्टर आजोबांनी खिशातून तिकिटांचा जुना पंच काढून माझ्या वहीच्या कोपऱ्याला भोक पाडलं.

पाडव्याला ठरल्याप्रमाणे, दार लावून, एकदा.

त्यानंतर आठवड्यानं भाऊजी आले. सोबत तेल्हाऱ्याचे काका होते. त्यांनी म्हशीचं तूप आणलं होतं, आणि फोनमध्ये झोक्याचा व्हिडिओ. चहा झाला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, बसली नाही. भाऊजींनी मुलीला जवळ घेतलं.

"सांग बेटा. कसं वाटते इथं?"

भाचीनं एकदम सुरुवात केली. मामा मोबाइल देत नाही. नूडल्स रविवारीच. मामी पाढे म्हणायला लावते, तेही उलटे. ताट घासताना कड राहिली तर मामा पुन्हा घासायला देतो, आणि स्वतःचं ताट मात्र नीट घासत नाही. मच्छरदाणी तिलाच बांधावी लागते. सायकल मागितली तर मामा सहावीत म्हणतो. अजून दोन वर्षं!

ती बोलत होती आणि मी जमिनीकडे पाहत होतो. प्रत्येक आरोप खरा होता. खंडन छापण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं. काकांनी खाकरून घसा मोकळा केला. "मंग चालतं काय, बेटा, तेल्हाऱ्याले? झोका हाये."

"येईन ना," भाची म्हणाली. बायको दारातून एक पाऊल पुढे आली. "उन्हाळ्यात येईन, काका. पंधरा दिवस. पाहुणी म्हणून." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुमी फक्त त्या सायकलीचं बोला ह्याच्याशी. पाचवीत पायजे म्हणा."

भाऊजी हसायला लागले, मग डोळे पुसायला लागले, मग पुन्हा हसायला लागले. काकांनी तुपाचा डबा बायकोच्या हातात दिला. मी उठलो. काय करतो आहे हे कळायच्या आत माझी पाठ वाकायला लागली होती.

भाचीनं ते पाहिलं. तिनं जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आली.

"नाही," ती म्हणाली. "पाडवा झाला. आता पुढच्या वर्षी."