येगोरोवना आणि वरचा बर्थ

“वरचा माझा,” येगोरोवना म्हणाल्या. “खालचे दोन्ही तुम्ही घ्या. नवराबायको समोरासमोर झोपा आणि पोटभर भांडा.”

“आई, तिकीटविक्री उघडली त्याच सकाळी मी खालचा बर्थ मिळवलाय, तो तुझ्यासाठी,” माझा नवरा रोदिऑन म्हणाला. “खालच्या बर्थसाठी लोक जीव टाकतात.”

“टाकू देत. माझा माझ्यापाशी आहे.”

कोत्लासमधल्या आमच्या स्वयंपाकघरात सकाळपासून हेच चाललं होतं. दूर दक्षिणेला, अर्माविरला, नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, म्हणजे गाडीत दोन रात्री. मी वाटेसाठी अंडी उकडत होते, भाजलेली कोंबडी कागदात गुंडाळत होते. बर्थचं नाव घेऊन दोघं घरावरून भांडत होते, हे मला कळत होतं.

सासूबाईंचं घर द्विना नदीच्या काठी, एका छोट्या गावात. गावात त्यांना सगळे येगोरोवना म्हणतात, मीही तेच म्हणते. तरुणपणी त्या नदीवर ओंडक्यांच्या कामावर होत्या. वरून वाहत येणारे ओंडके लांब आकड्यानं ओढून वेगळे करायचे, आणि कधी कधी त्यांच्यावरूनच चालत पलीकडे जायचं. पायाखालचं लाकूड गरगर फिरतं, पाय थांबला की माणूस पाण्यात. त्या कधी पडल्या नाहीत, असं त्या सांगतात. पडल्या असत्या तरी सांगितलं नसतं. सासरे गेल्यापासून त्या घरात एकट्याच राहतात. विहीर अंगणात, चूल लाकडाची, सरपण माळ्यावर आणि माळ्याला उभी शिडी.

“गेल्या महिन्यात तू पायऱ्यांवर कठडा धरून उभी होतीस,” रोदिऑन म्हणाला. “पाणी मारलेल्या दोरासारखी ताठ. मी पाहिलं. गुडघा गेलाय तुझा.”

“कठडा तुझ्या बापानं धरायलाच लावलाय.”

“गुडघा गेलेली बाई माळ्यावर कशी चढणार? घर विकू आणि तू आमच्याकडे ये. नेल्लीलाही चालेल.”

मला चालेल की नाही हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी अंडी गार पाण्यात टाकली.

“माळ्यावर मी रोज चढते,” येगोरोवना म्हणाल्या.

“मग चढून दाखव,” रोदिऑनचा आवाज चढला. “झोप वरच्या बर्थवर. चढलीस तर घराचं नाव मी पुन्हा काढणार नाही. नाही चढलीस तर लग्नाहून आल्यावर घर विकायला काढायचं.”

“नेल्ली ऐकतेय,” त्या म्हणाल्या. “लक्षात ठेव ग.”

निघण्यापूर्वी रीतीप्रमाणे आम्ही तिघंही सामानावर क्षणभर गप्प बसलो. तेवढ्या वेळातही त्या उजवा गुडघा हातानं दाबत होत्या. मी पाहिलं, रोदिऑननं पाहिलं नाही.

गाडीचा डबा दारं नसलेल्या खणांचा, स्वस्तातला. गादी, चादर, उशी घेऊन लोक आपापल्या जागा लावत होते. घरातल्या चपला पायांत आल्या होत्या, पहिला चहा निघाला होता. समोरच्या वरच्या बर्थवरचा माणूस चढताक्षणीच भिंतीकडे तोंड करून झोपला. आमच्या खणासमोर बाजूच्या बर्थवर एक जाडी बाई मांडीवर रासबेरीचं भांडं घेऊन बसली होती. तिनं रोदिऑनला खालच्या बर्थवर चादर पसरताना पाहिलं आणि मग येगोरोवनांना बुटांतून पाय काढताना.

“आजीबाई वर जाणार?” तिनं विचारलं.

“वर हवा चांगली असते,” येगोरोवना म्हणाल्या.

“आणि हा बैल खाली?”

“मुलगा आहे माझा.”

“तेच म्हणते मी. परका असता तर लाजला असता.”

दोन खणांपलीकडून एक म्हातारा उठून आला. “आजी, माझा खालचा घ्या. मी जातो वर, मला सवय आहे.” आमच्याकडे हे न मागता होतं. खालची जागा धरून बसलेल्या तरण्याताठ्याला डबा जगू देत नाही. रोदिऑन कानापर्यंत लाल झाला. त्याला सांगताही येईना की ही पैज आहे, आणि सांगितलं असतं तर डब्यानं त्याला खिडकीतूनच फेकलं असतं.

“देव भलं करो तुमचं,” येगोरोवना म्हाताऱ्याला म्हणाल्या, “पण मला वरचाच हवाय.”

चढायला एकच लोखंडी पायरी असते, मुठीएवढी, आणि वर धरायला दांडा. त्यांनी डावा पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला, अंग उचललं. उजवा पाय हवेत राहिला, वाकलाच नाही. त्या खाली आल्या. चपला नीट लावल्यासारखं केलं आणि पुन्हा चढल्या. पुन्हा खाली. रासबेरीवालीचा हात भांड्यातच राहिला होता. मी उठले.

“बस,” त्या मला म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी त्यांनी उजव्या पायाचा नादच सोडला. दोन्ही हातांनी दांड्याला लोंबकळल्या, पोट बर्थच्या कडेवर टाकलं आणि पोत्यासारखं स्वतःला आत ओढून घेतलं. मग खाली फक्त पावलं दिसली, लोकरी मोज्यांतली. तीही आत गेली.

“चढले,” वरून आवाज आला.

रोदिऑननं शब्दकोडं उघडलं.

दुसऱ्या दिवशी त्या उतरल्या नाहीत. सकाळी मी चहा वर धरला. “नको, झोप उडते त्यानं,” म्हणाल्या. दुपारी कोंबडी दिली, तिचा एक तुकडा चघळला. पाणी नको, काकडीही नको. छताखाली भट्टी पेटल्यासारखं गरम होतं, त्यांचे केस कपाळाला चिकटले होते, ओठ सोलले होते. त्या पाणी का पीत नाहीत हे मला न कळायला मी मूर्ख नव्हते. प्यायलं की खाली उतरावं लागतं.

एका मोठ्या स्टेशनवर गाडी बराच वेळ थांबली. रोदिऑन फलाटावर सिगारेट ओढायला गेला. फलाटावर उकडलेले बटाटे आले होते, अर्धा डबा खाली उतरला.

“उतरा,” मी हळूच म्हटलं. “मी धरते. तो येईपर्यंत पाणी प्या, जाऊन या, परत चढवते तुम्हाला. मी काही बोलणार नाही.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. “तू बोलणार नाहीस. पण आयुष्यभर माझ्याकडे अशी बघशील. आत्ता बघतेस ना, तशी.”

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मला राग आला. रोदिऑनचा आला, त्यांचाही आला.

रोदिऑन बटाटे घेऊन परतला तेव्हा रासबेरीवाली त्याच्या वाटेतच उभी होती. “तुझी आई कालपासून पाणी प्यायलेली नाही,” ती म्हणाली. “मी मोजदाद करायला बसले नाहीये, पण डोळे आहेत मला. बटाटे खा तू.”

तो खणात आला. बटाटे मेजावर ठेवले. वर बघितलं.

“आई, उतर.”

“चढायचं ठरलं होतं,” येगोरोवना म्हणाल्या. त्यांचा आवाज कागदासारखा झाला होता. “उतरायचं काही बोलणं झालं नव्हतं.”

“तू जिंकलीस. कालच जिंकलीस. उतर आता.”

“नेल्लीसमोर म्हण.”

“नेल्लीसमोरच म्हणतोय. डब्यासमोर म्हणतोय. घराचं नाव काढणार नाही.”

तो बर्थला पाठ लावून वाकून उभा राहिला. लोकरी मोज्यातला एक पाय त्याच्या खांद्यावर आला, चाचपडला, टेकला. मग दुसरा, ताठ, सरळ. त्याचं डोकं धरून त्या खाली आल्या. एवढ्या जवळून त्या पायाचं वजन त्यानं पहिल्यांदाच पेललं असावं. खाली आल्यावर त्यानं मी दिलेला पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला आणि त्या पिऊन होईपर्यंत धरून ठेवला. राहिलेला प्रवास तो वर झोपला.

अर्माविरला नणंदेकडे पहिल्या संध्याकाळी सगळे मेजाभोवती बसलो होतो. नणंद झिनाइदा, तिचा नवरा, नवरी मुलगी आणि आम्ही. रोदिऑननं स्वतःहून पैजेची गोष्ट काढली आणि स्वतःलाच शिव्या देत सगळ्यांना हसवलं.

“म्हणजे घर वाचलं,” झिनाइदा म्हणाली. “आई अजून ओंडक्यांवर नाचेल.”

येगोरोवनांनी काटा बशीत ठेवला.

“नाचणार नाही,” त्या म्हणाल्या. “गुडघा गेलाय. विहिरीची बादली गेल्या हिवाळ्यापासून शेजारीण ओढून देते आणि माळ्यावरचं सरपण तिचा नवरा काढून देतो. माझा रोद्या खरं तेच बोलत होता. म्हणून पहिला बर्फ पडला की मी कोत्लासला येणार, नेल्लीनं हो म्हटलं तर. नदी मोकळी झाली की त्याच आठवड्यात परत जाणार. घर विकायचं नाही.”