तहानलेल्या बाईची चूल

माझ्या नणंदेला आमच्या घरात कधी तहान लागत नसे. रविवारी जेवायला आल्या की पानाशेजारी ठेवलेला ग्लास जेवण संपलं तरी भरलेलाच असायचा, आणि मी तो उचलून कुंडीत ओतायची. "ताई, पाणी प्या हो, आतून वाळून जाल," असं मी म्हटलं की त्या म्हणायच्या, "आठवडाभर दुसऱ्यांच्या घरी पितेच की."

आणि ते खरं होतं. सरकारी मदत खात्यात त्या घर तपासायच्या कामावर होत्या. कुणी मदतीसाठी अर्ज केला की त्याच्या घरी जायचं आणि तो सांगतो ते खरं आहे का, ते बघायचं. खरं-खोटं करायची त्यांची एक रीत होती. दारातच घाम पुसत विचारायचं, "पाणी मिळेल का जरा?" घरातली बाई उठायला लागली की तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. "बसा हो, दमलेल्या दिसता. मी घेते." असं म्हणून थेट स्वयंपाकघरात शिरायचं. ग्लास शोधता शोधता फळीवरून नजर फिरवायची, डब्यांची झाकणं हलवून बघायची आणि जाता जाता शेगडीवर तळहात टेकवायचा. बाहेर बसलेल्या बाईला वाटायचं, किती साधी बाई आहे, आपल्याला उठूही दिलं नाही.

"माणसं खोटं बोलतात. ओट्याला ते जमत नाही," असं ताई म्हणायच्या.

हळूहळू लोकांच्या लक्षात आलं. वस्त्यांमधून त्यांना नाव पडलं, तहानलेली. गल्लीच्या टोकाला त्या दिसल्या की पोरं ओरडायची, "तहानलेली आली रे!" आणि घराघरांत भांड्यांची आदळआपट सुरू व्हायची. ताईंना ते नाव माहीत होतं, त्याचा थोडा अभिमानही होता. एक मात्र सांगायला हवं, त्या दुष्ट नव्हत्या. कितीतरी म्हाताऱ्यांसाठी त्या साहेबांशी भांडल्या होत्या. लग्न केलं नाही, माझ्या नवऱ्याला त्यांनीच शिकवलं. एक पैसा कुणाचा कधी खाल्ला नाही.

मग एके दिवशी बातम्यांत आलं की केंद्र सरकार खाती कमी करणार, गरिबांच्या मदतीला कात्री लावणार. नुसता प्रस्ताव आहे, असं सांगत होते.

"सरकार वजन कमी करतंय," माझा नवरा म्हणाला, "आणि उपास लोकांनी करायचा."

ताई हसल्या नाहीत. त्यांच्या कार्यालयात साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं की ज्यांची यादी हलकी होईल, त्यांचं कार्यालय टिकेल. ताईंची निवृत्ती अजून काही वर्षं दूर होती. त्या दिवसांत त्या रविवारी आमच्याकडे यायच्या तेव्हा चेहरा ओढलेला असायचा. आल्या आल्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "साफसफाई चाललीय आमची."

त्या साफसफाईत आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची मदत गेली. नवरा वारल्यावर ती भावाच्या घरी राहायला आली होती. घराच्या पुढच्या भागात तिचं इस्त्रीचं टेबल, आणि मागे पडदा लावून केलेल्या कोपऱ्यात तिचा संसार. नियम असा होता की एकट्या माणसाची चूल वेगळी असेल तरच त्याला मदत मिळते. कमावत्या नातेवाइकाच्या चुलीवर जेवणाऱ्याला ती मिळत नाही. ताई तिच्याकडे गेल्या, पाणी प्यायल्या आणि लिहून मोकळ्या झाल्या, चूल एकच.

ती माझ्याकडे आली. माझेच कपडे हातात होते, घडी घातलेले. "तुमच्या नणंदबाईंना एकदा विचाराल का हो? माझं मी वेगळं करून खाते. भावजय तर मला वाटीभर आमटीही देत नाही."

मी रविवारी विचारलं. ताई म्हणाल्या, "अगं, शेगडी गार होती. भर जेवणाच्या वेळेला गार शेगडी म्हणजे चूल दुसरीकडे पेटते. भावाच्या घरी राहणाऱ्या बायका असंच करतात."

मी हे इस्त्रीवालीला जाऊन सांगितलं. तिने कपड्यावर पाणी शिंपडलं आणि "बरं" म्हणाली. एवढंच.

यादी हलकी झाली, तरी कार्यालय काही टिकलं नाही. प्रस्ताव मंजूर झाला आणि महिन्याभरात ताईंच्या कार्यालयाला कुलूप लागलं. उरलेली थोडी कामं शहरातल्या मोठ्या कार्यालयाकडे गेली, तिकडे मोजक्या लोकांना घेतलं. त्यात ताई नव्हत्या. नोकरीची वर्षं पुरी भरली नसल्याने पेन्शनही अडकलं. सरकारी खोली सोडून त्या आमच्या मागच्या खोलीत राहायला आल्या, एक ट्रंक आणि एक दुखरा गुडघा घेऊन.

जेवायला त्या आमच्यातच बसायच्या. पण गुडघ्याच्या उपचारासाठी भावाकडून काही घ्यायला तयार नव्हत्या. "तुझ्या ताटात जेवते ते पुष्कळ झालं," त्या म्हणायच्या. "याच्या पुढे हात पसरायला लावू नकोस मला. ज्याचं नाक मी पुसलं त्याच्याकडे?" जिना चढताना त्या कठडा धरून थांबायच्या आणि आपण खिडकीतून बाहेर बघायला थांबलोय असं दाखवायच्या.

मग एके दिवशी त्यांनीच अर्ज केला. नवे अर्ज बंद होते, पण जुन्या कर्मचाऱ्यांसाठी एक खिडकी उघडी होती म्हणे. मला त्यांनी दुपारी गाठलं. नवरा कामावर गेला होता.

"अगं, तुझी ती जुनी शेगडी आहे का माळ्यावर?"

"आहे की. कशाला?"

ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घर बघायला येतील."

दोन दिवस आमच्या मागच्या खोलीत जे चाललं होतं ते बघून हसावं की काय करावं, ते मला कळेना. आयुष्यभर ज्या खुणा शोधल्या त्या ताई आपल्या हाताने तयार करत होत्या. शेगडीवर दूध मुद्दाम उतू घालवून ते वाळू दिलं. शेगडीमागच्या भिंतीवर बोटांनी तेलाचे शिंतोडे उडवले आणि वर थोडी राख चोळली. माझी फुटक्या कानाची कढई नेली, नवी नको म्हणाल्या. ओट्याचं फडकं आधी चहात बुडवलं, मग पिळून वाळत टाकलं. चहाच्या डब्यातली पावडर अर्धी काढून मला परत दिली.

संध्याकाळी नवरा दारात उभा राहून बघत होता. "ताई, भिंतीला एवढं तेल? माझ्या डोक्याला कधी इतकं लावलं नव्हतंस."

"गप रे."

"नाही, बरोबर आहे. सरकारला फसवायचं तर आतलाच माणूस लागतो."

ताईंचा हात भिंतीवर तसाच थांबला. नवऱ्याला आपण काय बोललो ते कळलं असावं, तो चहा मागायला निघून गेला.

शेवटी त्यांनी मीठ मागितलं. मी नवी पिशवी बरणीत ओतून काठोकाठ भरून दिली. त्यांनी चमचा हातात घेतला, झाकण उघडलं आणि आत बघत राहिल्या. मला वाटलं, आता हेही अर्धं काढतील. पण त्यांनी चमचा खाली ठेवला, झाकण लावलं आणि बरणी मागे सरकवली. विसरल्या असतील, असं मला वाटलं.

तपासायला आली ती ताईंच्या जुन्या कार्यालयातली एक चष्मेवाली मुलगी. ताईंच्याच हाताखाली शिकलेली, पूर्वी कधीतरी आमच्या घरी जेवूनही गेलेली. दारातच ती अवघडली.

"मॅडम, मला नको, म्हणाले होते मी, दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून..."

"ये गं. काम आहे तुझं," ताई म्हणाल्या. त्या पलंगावर बसल्या होत्या, हात मांडीखाली घेतलेले.

चष्मेवालीने इकडचं तिकडचं विचारलं. मग घाम पुसला. सवयच ती. तोंडातून निघून गेलं, "पाणी मिळेल का जरा?"

मी उठले. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा वहिनी, मी घेते."

आणि मग ताईंकडे बघून तिची मान खाली गेली. पण ती आत गेलीच. शेगडी ताईंनी सकाळीच पेटवून ठेवली होती, गरम असणार. मागून डब्यांचे आवाज आले. मग एका झाकणाचा, काचेचा. ताई जमिनीकडे बघत होत्या आणि त्यांचे कान लाल झाले होते. तेवढं लाल मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, रागातसुद्धा.

चष्मेवाली ग्लास घेऊन बाहेर आली, उभ्यानेच पाणी प्यायली. "सगळं ठीक आहे, मॅडम. चूल वेगळी आहे. तसं लिहिते मी."

"मीठ बघितलंस?"

"मॅडम, गुडघा कसा आहे तुमचा?"

"मी मीठ विचारलं."

चष्मेवालीने चष्मा काढून ओढणीला पुसला. "बघितलं."

"काय शिकवलं होतं मी?"

"की शेगडी कुणीही पेटवतं. मीठ मात्र रोज थोडं थोडंच संपतं." ती अगदी शाळेतल्यासारखं बोलली.

"मग लिही, चूल एकच."

"मॅडम, एवढ्या वर्षांत एकदा तुमच्यासाठी..."

"लिही गं बाई," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मलाच तिथून उठून जावंसं वाटलं. "लिही, आणि जा. तुझ्याकडे बघवत नाही मला."

रात्री नवरा बोलला. "जमलं होतं ना सगळं? मग कशाला हा शहाणपणा?" ताई म्हणाल्या, "तुझी भिंत पुसून देते मी." सकाळी त्यांनी साबणाने घासली, सोड्याने घासली. डाग फिका झाला, पण गेला नाही. अजूनही आहे.

पुढच्या आठवड्यात मी इस्त्रीचे कपडे बांधत होते, तर ताई म्हणाल्या, "एक गाठोडं मी घेते." दुखऱ्या गुडघ्याने. इतके महिने त्या कोपऱ्यावरून जायचं टाळून मागच्या रस्त्याने फिरून येत होत्या, ते मला माहीत होतं.

इस्त्रीवाली टेबलाशी होती. ताईंना बघून तिने मान वर केली आणि पुन्हा शर्टाच्या कॉलरकडे वळली. आम्ही गाठोडी ठेवली. मी निघायला वळले, ताई निघाल्या नाहीत.

"तुमची शेगडी गार होती," ताई म्हणाल्या.

"त्या दिवशी घरात शिजवायला काही नव्हतं, बाई."

"मीठ होतं. अर्धं झालेलं, ओलसर. चमचा आतच होता. मी बघितलं होतं."

म्हणजे ताईंना तेव्हाच माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, आणि लगेच बघणं सोडलं.

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही झाकण उघडलंत तेव्हा पडद्याच्या फटीतून मी बघत होते. म्हटलं, चला, हिनं मीठ बघितलं, सुटले मी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही पाणी पीत होतात."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली. इस्त्रीवालीने पुन्हा इस्त्री उचलली.

"मी मोठ्या कार्यालयात जाऊन लिहून देते," ताई म्हणाल्या. "चूक माझी होती असं."

"नवे अर्ज घेत नाहीत. मी जाऊन आले." तिने इस्त्रीच्या तळाला ओलं बोट लावून बघितलं, चुर्र झालं. "तुमचा घेतला म्हणे?"

ताईंनी दुखऱ्या गुडघ्यावरचा भार काढून टेबलाची कड धरली. इस्त्रीवालीने ते बघितलं. शेजारचं स्टूल तिने पायाने पुढे सरकवलं, पडद्याआड गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. टोमणा नव्हता त्यात. उन्हातून आलेल्या कुणालाही देतात तसा दिला.

ताईंनी दोन्ही हातांनी ग्लास घेतला. प्यायल्या नाहीत, खालीही ठेवला नाही. नुसत्या धरून बसल्या, पडद्याकडे पाठ करून.

"लवकर प्या हं, बाई," इस्त्रीवाली म्हणाली आणि तिने पुढचा शर्ट पसरला. "एकच ग्लास आहे माझ्याकडे."